धागा: आयबीएम मेनफ्रेमच्या (झेड/ओएस) सामायिक डॅस्डीवर (अनेक यंत्रणा वापरतात त्या डिस्कवर) एक चॅनेल पाथ (डिस्ककडे जाणारी वाट) आजारी, दुसरी यंत्रणा अडकलेली. काय, कोणत्या क्रमाने करायचं?

तिसरी_पाळी (रात्री ११:४०)
कन्सोलवर बसणाऱ्यांसाठी एक उदाहरण मांडतो, त्यावर क्रम ठरवून हवा आहे. एका सिस्प्लेक्समध्ये (एकत्र चालणाऱ्या यंत्रणांच्या गटात) पी१ आणि पी२ असे दोन एलपार (मशीनचे स्वतंत्र यंत्रणेसारखे चालणारे भाग), आणि सिस्प्लेक्सबाहेरचा चाचणीचा एलपार टी१. तिघंही एकाच डिस्क सबसिस्टिमवर. डिव्हाइस ८००० ते ८०७एफ, चार फायकॉन (फायबरवरची जोडणी) चिपिड, म्हणजे चॅनेल पाथचे क्रमांक: ४०, ४८, ५०, ५८. पी१ वर ४८ साठी आयओएस०५०आय आणि आयओएस०५१आय धडाधड येतात, अधूनमधून आयओएस४५०ई (वाट चालत नसल्याचा संदेश). त्याच वेळी पी२ वर ‘आयओएस०७१आय ८०१०,**, स्टार्ट पेंडिंग’. पी२ चे जॉब रांगेत, पी१ वर एक जॉब हलतच नाही. पहिली कमांड कोणती? आणि कोणती कमांड मुळीच द्यायची नाही?
(कमांड आणि संदेश इथे देवनागरीत लिहितोय, कन्सोलवर अर्थातच रोमनमध्ये.)

ऐरोलीकर (रात्री ११:५८)
आधी मुळीच न द्यायची सांगतो: पी२ वरून ‘व्ही ८०१०,ऑफलाइन,फोर्स’ (व्ही म्हणजे व्हॅरी, डिव्हाइस किंवा वाट चालू-बंद करणारी कमांड). पी२ ला काहीही झालेलं नाही, तो फक्त वाट बघतोय. फोर्स दिलंत की डिव्हाइस बॉक्स होतं, चालू आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) तिथेच थांबतो, पुढची प्रत्येक विनंती कायमची चूक म्हणून परत येते. एका यंत्रणेचं दुखणं दोन यंत्रणांचं होतं.

आता वाचन. तुमच्या उदाहरणात दोन वेगळे आजार आहेत आणि ते एकाखाली एक आल्यामुळे एकच वाटतात. पी१ वरचे ०५० आणि ०५१ हे खरे वाटेचे आजार: पहिला म्हणजे चॅनेलला चूक दिसली, दुसरा म्हणजे इंटरफेसवर ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही. पी२ वरचा ०७१ हा बहुतेक वेळा वाटेचा आजारच नसतो. ‘स्टार्ट पेंडिंग’ आणि चिपिडच्या जागी दोन चांदण्या, म्हणजे आयओ अजून डिव्हाइसवर सुरूच झालेला नाही. सामायिक डॅस्डीवर याचं नेहमीचं कारण एकच: दुसऱ्या कुणीतरी तो व्हॉल्यूम (डिस्क) रिझर्व्ह केलाय, म्हणजे फक्त स्वतःसाठी धरून ठेवलाय. लगेच खाली आयओएस४३१आय आलाय का बघा. त्यात रिझर्व्ह धरणाऱ्या यंत्रणेचा सीपीयू क्रमांक, एलपार आयडी आणि यंत्रणेचं नाव असतं.

म्हणून पहिली कमांड पी२ वर: ‘डी जीआरएस,डीईव्ही=८०१०’ (जीआरएस म्हणजे कोणी काय धरलंय ते सांभाळणारी सोय). दुसरी ‘डी जीआरएस,सी’, म्हणजे कोण कशासाठी थांबलंय ते कळतं. तिसरी पी१ वर: ‘डी एम=डीईव्ही(८०१०)’. या तिन्ही फक्त दाखवतात, बदलत काही नाहीत. हे होईपर्यंत व्हॅरी नाही, कॉन्फिग नाही, एचएमसीला (मशीनच्या नियंत्रणाच्या कन्सोलला) हात नाही.

तिसरी_पाळी (रात्री १२:०६)
उदाहरण पुढे नेतो. ४३१ मध्ये नाव पी१ चं. जीआरएसमध्ये एसवायएसव्हीटीओसी (व्हीटीओसी, म्हणजे व्हॉल्यूमवरच्या फाइलींची सूची, धरल्याचं नाव), धरणारा पी१ वरचा तोच न हलणारा जॉब. ‘डी एम=डीईव्ही’ मध्ये चारही चिपिडखाली ‘पाथ ऑनलाइन’ वाय, पण ४८ च्या खाली ‘पाथ ऑपरेशनल’ कधी वाय, कधी एन.

ऐरोलीकर (रात्री १२:१९)
मग चित्र स्पष्ट आहे. जॉबने व्हीटीओसी बदलण्यासाठी व्हॉल्यूम रिझर्व्ह केला आणि त्याचा पुढचा आयओ ४८ वरून गेला. तिथे चूक, पुन्हा प्रयत्न, पुन्हा चूक. रिझर्व्ह सुटायला तो जॉब पुढे सरकला पाहिजे, आणि तो सरकायला ४८ वाटेतून बाजूला झाली पाहिजे. पी२ चा इलाज पी१ वर आहे.

पी१ वर द्यायची कमांड: ‘व्ही पाथ((८०००-८०७एफ),४८),ऑफलाइन’. उरलेल्या तीन वाटांवरून आयओ पुन्हा निघतो, जॉब पुढे जातो, रिझर्व्ह सुटतो, पी२ ची रांग हलते. ‘कॉन्फिग सीएचपी(४८),ऑफलाइन’ (अख्खं चॅनेल बंद) ऐवजी आधी व्हॅरी पाथ का? कारण ४८ वर आणखी कंट्रोल युनिट (डिस्क-टेप चालवणारे नियंत्रक) लटकलेली असू शकतात, कदाचित टेपसुद्धा. दोष चॅनेलकडचा की कंट्रोल युनिटच्या पोर्टकडचा, हे अजून ठरलेलं नाही. ४८ वरची सगळीच कंट्रोल युनिट चुका देत असतील तर दोष चॅनेलच्या किंवा त्या बाजूच्या केबलच्या अंगाला. एकच देत असेल तर डायरेक्टरच्या (मधल्या फायबर स्विचच्या) पलीकडे. हा भेद पाच मिनिटांत होतो आणि पुढचे दोन तास वाचवतो.

सापळा: ‘आरओ *ऑल’ लावून सगळ्या यंत्रणांवर एकदम ४८ ऑफलाइन करू नका. चिपिड क्रमांक हा त्या-त्या मशीनच्या चॅनेल सबसिस्टिमपुरता असतो. पी२ दुसऱ्या सीपीसीवर (मेनफ्रेम मशीनवर) असेल तर तिथला ४८ हे वेगळंच, धडधाकट चॅनेल असू शकतं. खरी भौतिक ओळख पीचिडची (मशीनमधल्या प्रत्यक्ष चॅनेलच्या क्रमांकाची). आयओएस०५०आय च्या ओळीत पीचिड छापलेला असतो, तो लिहून घ्या. फील्ड इंजिनिअर विचारणार तेच.

साठवण_मावशी (रात्री १२:४४)
ऐरोलीकर दादांनी क्रम बरोबर सांगितलाय. उरलेल्या तीन वाटांवरून रिझर्व्ह सुटेल याची खात्री कशामुळे, ते मात्र सांगायला हवं, कारण ती खात्री नेहमी नसते.

झेड/ओएस डिव्हाइस ऑनलाइन घेताना त्याच्या सगळ्या वाटांवरून ‘सेट पाथ ग्रुप आयडी’ ही कमांड पाठवतं, सीसीडब्ल्यू (चॅनेलला दिलेली आज्ञा) कोड एएफ. आयडी ११ बाइटचा: सीपीयूचा पत्ता, सीपीयूचा क्रमांक व मॉडेल, आणि घड्याळाचे वरचे चार बाइट. एकच आयडी सांगणाऱ्या वाटा कंट्रोल युनिटच्या लेखी एक गट. मग रिझर्व्ह एका वाटेचा न राहता गटाचा होतो. ४० वरून रिझर्व्ह केलं आणि ५८ वरून रिलीझ केलं तरी चालतं. म्हणून गटातली एक वाट पडली तरी पकड राहते आणि बाकीच्या वाटांवरून सुटू शकते.

हा गट बनलेला नसेल तर? ‘आयओएस४४४आय डायनॅमिक पाथिंग नॉट ऑपरेशनल’ असा संदेश आयपीएलच्या (यंत्रणा सुरू करण्याच्या) वेळी किंवा व्हॅरी ऑनलाइनच्या वेळी येऊन गेलेला असतो आणि कुणी बघितलेला नसतो. अशा डिव्हाइसवर रिझर्व्ह ज्या वाटेने केलं त्याच वाटेला चिकटलेलं. ती वाट तुम्ही ऑफलाइन केली की पकड लोंबकळते, किंवा चॅनेल रीसेटबरोबर गुपचूप सुटते. गुपचूप सुटणं जास्त वाईट. पी१ ला वाटतं व्हीटीओसी आपल्या हातात आहे, तेवढ्यात पी२ ने त्यात लिहिलेलंही असतं.

म्हणून व्हॅरी पाथच्या आधी ‘डीएस पी,८०१०’ देऊन वाटांची स्थिती आणि आजवरच्या लॉगमध्ये ४४४ आहे का, हे दोन्ही बघा. लॉग शोधायला एक मिनिट लागतं.

रिझर्व्हचे कोड ट्रेसमध्ये ओळखता यावेत म्हणून: डिव्हाइस रिझर्व्ह बी४, रिलीझ ९४, आणि १४ म्हणजे अनकंडिशनल रिझर्व्ह. हा शेवटचा दुसऱ्याची पकड मोडून स्वतःची बसवतो. सुधारणेच्या (रिकव्हरीच्या) वेळी यंत्रणा स्वतःचीच हरवलेली पकड दुसऱ्या वाटेने परत मिळवायला तो वापरते. हाताने कुठल्याशा जुन्या युटिलिटीतून तो पाठवायचा मोह आवरा.

फायबर_ठाणे (सकाळी ७:१५)
रात्रीचं वाचलं. आता वाटेच्या आजाराबद्दल. कधी वाय, कधी एन म्हणजे फडफडणारी लिंक. पूर्ण तुटलेली लिंक यंत्रणेला सोपी जाते: प्रकाश गेला, सूचना आली, वाट बाजूला. फडफडणारी लिंक दर वेळी बरी होऊन परत रांगेत येते आणि दर वेळी चालू आयओ घेऊन पडते. म्हणून अशा वाटेला तपासणी होईपर्यंत बंदच ठेवा. डायरेक्टरवर पोर्ट ब्लॉक केला तरी चालेल, पण पी१, पी२ आणि टी१ या तिघांवर ती वाट आधी ऑफलाइन करून मग.

तपासायचा क्रम: एचएमसीवर चॅनेल प्रॉब्लेम डिटर्मिनेशनमध्ये स्थिती वाचा. सिग्नल नाही, सिंक जातं की बिट एरर मर्यादेबाहेर, यातलं कोणतं? सिग्नलच नसेल तर केबल निघालेली, तुटलेली किंवा ट्रान्सीव्हर गेलेला. बिट एरर असतील तर १० पैकी ८ वेळा मी कनेक्टर उघडायला सांगेन. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉन. त्यावर बसणारा धुळीचा कण डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाश अडवायला पुरतो. आधी स्कोपखाली बघा, मग साफ करा, मग पुन्हा बघा. न बघता साफ करणं म्हणजे धूळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणं. क्लिक पेनने कोरडं साफ करा. नाही गेलं तरच ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचा कपडा, त्यानंतर पुन्हा कोरडा फेर. ट्रान्सीव्हरचं तोंडही साफ करायचं असतं, हे निम्मे लोक विसरतात.

प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये दोन्ही टोकांना लिहून ठेवा. ३ डीबीची घट म्हणजे शक्ती निम्मी. आज १ डीबी, पुढच्या महिन्यात २ डीबी अशी घसरण असेल तर ट्रान्सीव्हर म्हातारा होतोय. अचानक ४-५ डीबी गेले तर कुणीतरी केबल दरवाजात दाबली आहे किंवा ट्रेमध्ये फार घट्ट वळवली आहे. हे आकडे कन्सोलवरूनही वाचता येतात: ‘डी एम=डीईव्ही(८०१०,(४८)),लिंकइन्फो=रिफ्रेश’. मात्र ते मिळायला चॅनेल, डायरेक्टर आणि डिस्क तिन्ही त्या सोयीला पाठिंबा देणारे हवेत.

दोन_साइट (सकाळी ९:३०)
मुंबई-नवी मुंबईतल्या दोन जागांमधल्या अंतराचं कुणी बोललं नाही, म्हणून. एक साइट विक्रोळीला, दुसरी महापेला, मध्ये डीडब्ल्यूडीएम (एका फायबरवरून अनेक लिंक नेणारं उपकरण), असं गृहीत धरा. पावसाळ्याआधीच्या खोदकामात फायबर कापलं जातं आणि डीडब्ल्यूडीएम संरक्षक मार्गावर उडी मारतं. लिंक जिवंत, पण मार्ग लांबला. प्रकाशाला फायबरमध्ये किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन १०. मार्ग ३० किलोमीटरवरून ७० वर गेला तर प्रत्येक फेरीत ४०० मायक्रोसेकंद वाढले. शिवाय बफर क्रेडिट, म्हणजे उत्तर येण्याआधी किती फ्रेम पाठवता येतात त्याची मर्यादा. ढोबळ हिशेब असा: पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी किलोमीटरला वेगाच्या निम्मी क्रेडिट, म्हणजे ८ गिगाबिटला ४, १६ गिगाबिटला ८. ३० किलोमीटर धरून दिलेली १२० क्रेडिट ७० किलोमीटरला पुरत नाहीत, आणि फायकॉनच्या फ्रेम बऱ्याचदा लहान असल्यामुळे खरी गरज याहून जास्त. परिणाम म्हणून कन्सोलवर चूक दिसतेच असं नाही. त्या वाटेचा कमांड रिस्पॉन्स टाइम तेवढा चढतो.

हे पकडायला ‘आयओएस_सीएमआरटाइम_मॉनिटर’ ही हेल्थ चेक चालू ठेवा. एकाच कंट्रोल युनिटच्या वाटांमध्ये एखादीचा प्रतिसाद बाकीच्यांपेक्षा फार मागे पडला की ती बोट दाखवते. आणि दोन्ही डायरेक्टरचे दुवे एकाच खड्ड्यातून जात नाहीत ना, हे पुरवठादाराकडून नकाशावर दाखवून घ्या. कागदावर चार वाटा आणि ऐरोलीच्या पुलावर एकच नळी, असं असू शकतं.

तिसरी_पाळी (सकाळी १०:०५)
मावशी, गट मोडलेला असेल आणि चॅनेल रीसेट होणारच असेल तर? वेट स्टेट ०६२ (यंत्रणा थांबताना दाखवते तो कोड) बद्दल वाचलंय, पण त्यातली ‘शेअरिंग सिस्टिम थांबवा’ ही सूचना नीट उमगत नाही.

ऐरोलीकर (सकाळी १०:५२)
ते मी घेतो. आयओएस०६२ई हा संदेश, आणि तो कन्सोलवर दाखवता आला नाही तर वेट स्टेट ०६२, हे दोन्ही एकच सांगतात: अमुक चॅनेल पाथ सुधारायला घेतलेत, त्यांच्यावर रिझर्व्ह केलेली किंवा असाइन केलेली डिव्हाइस आहेत, आणि सुधारताना ती पकड काही क्षण सुटू शकते. त्या क्षणात दुसऱ्या यंत्रणेने आत शिरू नये म्हणून ती यंत्रणा थांबवायची.

थांबवायची म्हणजे एचएमसीवरून त्या एलपारला ‘स्टॉप’. प्रोसेसर थबकतात, स्मृती आणि स्थिती जशीच्या तशी राहते, ‘स्टार्ट’ दिलं की तिथूनच पुढे. ‘रीसेट’ नाही! रीसेट दिलं तर त्या यंत्रणेच्या स्वतःच्या सगळ्या पकडी सुटतात, चालू कामं संपतात, पुढे आयपीएल. एचएमसीवर ही दोन्ही कामं जवळजवळ दिसतात, म्हणून क्लिक करण्याआधी एलपारचं नाव मोठ्याने वाचा आणि शेजारच्याकडून दुजोरा घ्या.

क्रम असा. पी१ वर ०६२ आलं की त्यातले चिपिड लिहून घ्या. ते चिपिड ज्या कंट्रोल युनिटकडे जातात, त्यांना जोडलेल्या सगळ्या यंत्रणांची यादी हाताशी हवी. टी१ सुद्धा, तो सिस्प्लेक्सबाहेर आहे म्हणून सुटत नाही. त्या सगळ्या स्टॉप. मग पी१ ला सुधारणा पुढे नेऊ द्या: संदेश असेल तर त्यात सांगितलेलं उत्तर, वेट स्टेट असेल तर रीस्टार्ट. सुधारणा संपल्याचा निरोप आला की मगच बाकीच्यांना स्टार्ट.

एसएफएम_विचारा (सकाळी ११:२०)
इथे घड्याळ विसरू नका. पी२ स्टॉपमध्ये असताना सिस्प्लेक्समध्ये त्याचे ठोके थांबतात. कपल मेंबरमधला (सिस्प्लेक्सच्या मांडणीच्या फाइलमधला) इंटरव्हल संपला की तो ‘स्टेटस अपडेट मिसिंग’. स्पिनटाइम (प्रोसेसरच्या उत्तराची वाट बघायची वेळ) ४० सेकंद आणि स्पिन रिकव्हरीच्या नेहमीच्या तीन पायऱ्या असतील तर हिशेब (३+१)×४०+५, म्हणजे १६५ सेकंद. एसएफएम (बिघडलेली यंत्रणा सिस्प्लेक्समधून काढणारी सोय) धोरणात आयसोलेटटाइम शून्य असेल तर त्यानंतर पी२ ला आपोआप वेगळं काढलं जातं, त्याचा आयओ रीसेट होतो, आणि तुम्ही जपून दिलेला स्टॉप शेवटी रीसेटच ठरतो.

म्हणजे पावणेतीन मिनिटं. त्यात फोन, चर्चा, परवानगी बसत नाही. ०६२ आल्यावर कुणी काय करायचं, हे आधीच छापून कन्सोलजवळ असलं पाहिजे. ‘डी एक्ससीएफ,सी’ देऊन तुमचा इंटरव्हल आजच बघा, वरचा आकडा तुमच्याकडे असेलच असं नाही.

साठवण_मावशी (दुपारी १२:१०)
अगदी महत्त्वाचं सांगितलंत. आता पुढची पायरी: व्हॅरी पाथ दर वेळी हाताने करायची वेळ का यावी? आयईसीआयओएस मेंबरमध्ये (आयओच्या मांडणीच्या फाइलमध्ये) रिकव्हरी विधान आहे. पाथ_स्कोप डिव्हाइस असेल तर प्रत्येक डिव्हाइस आपापली चूक मोजतं, म्हणजे १२८ डिव्हाइस एकेक करून तीच आजारी वाट अनुभवतात. पाथ_स्कोप सीयू केलं की चुका कंट्रोल युनिटच्या पातळीवर मोजल्या जातात आणि मर्यादा गाठली की ती वाट सगळ्या डिव्हाइसवरून एकदम काढली जाते. तेव्हा आयओएस२१०आय येतो. पाथ_थ्रेशोल्ड म्हणजे मिनिटाला किती चुका, पाथ_इंटरव्हल म्हणजे अशी किती मिनिटं सलग. सध्याचं काय आहे ते ‘डी आयओएस,रिकव्हरी’ दाखवतं, चालत्या यंत्रणेत ‘सेटआयओएस रिकव्हरी,पाथ_स्कोप=सीयू’. सामायिक डॅस्डीला सीयू हेच योग्य, असं माझं ठाम मत.

दोन_साइट (दुपारी १२:३५)
मावशी, थोडी असहमती. दोनच वाटा असलेल्या कंट्रोल युनिटला सीयू लावताना मी विचार करेन. शेवटची वाट यंत्रणा काढत नाही हे खरं, पण एका क्षणिक गडबडीत वाट गेली की उरलेल्या एकीवर सगळा भार. तिथे आधी वाटा चार करा, मग स्कोप बदला.

साठवण_मावशी (दुपारी १२:४१)
मान्य. चार वाटा, दोन डायरेक्टर, वेगवेगळे होस्ट अडॅप्टर, हे गृहीत धरून म्हणाले होते.

नवी_मुंबई_ऑप्स (दुपारी २:००)
एमआयएचची (हरवलेला इंटरप्ट पकडणाऱ्या सोयीची) वेळ वाढवली तर ०७१ कमी होतील ना? ३० सेकंदांचे ५ मिनिटं केले तर?

ऐरोलीकर (दुपारी २:२५)
संदेश कमी होतील, अडचण तीच राहील, आणि खरोखर हरवलेला इंटरप्ट असेल तर तो कळायला पाच मिनिटं लागतील. डिस्कच्या निर्मात्याने सांगितलेली वेळ ठेवा. लांब रिझर्व्ह धरणारा ठराविक जॉब असेल, उदाहरणार्थ व्हॉल्यूम डीफ्रॅग, तर तो कमी वर्दळीच्या वेळी हलवा किंवा रिझर्व्हचं रूपांतर करा.

रूपांतर म्हणजे जीआरएसच्या आरएनएलमध्ये (नावांच्या याद्यांमध्ये) एसवायएसव्हीटीओसीसारखी नावं रिझर्व्ह कन्व्हर्जन यादीत घालणं. मग अख्ख्या व्हॉल्यूमच्या हार्डवेअर पकडीऐवजी फक्त त्या नावाचा जागतिक एनक्यू (जीआरएसमधल्या सगळ्या यंत्रणांना दिसणारी सॉफ्टवेअर पकड). वाट तुटली तरी पकड डिस्कवर अडकत नाही, कारण ती डिस्कवर नसतेच. पण तुमच्या उदाहरणातला टी१ आठवा. तो त्या जीआरएस संकुलात नाही, त्याला हा एनक्यू दिसणारच नाही. टी१ ने वापरलेल्या व्हॉल्यूमवर रूपांतर केलंत तर दोन यंत्रणा एकाच वेळी व्हीटीओसी लिहितील आणि कुणालाही चूक झाल्याचा संदेश येणार नाही. टी१ ला तो व्हॉल्यूम दाखवणं बंद करा, किंवा तिथे हार्डवेअर रिझर्व्हच राहू द्या. तिसरा मार्ग नाही.

तिसरी_पाळी (दुपारी ३:१०)
आणि चारही वाटा गेल्या, डिव्हाइस बॉक्स झालं, तर परत आणताना?

साठवण_मावशी (दुपारी ३:४८)
आयओएस४५१आय म्हणजे चालती वाट एकही नाही, बॉक्स. वाटा दुरुस्त झाल्यावर एकदम सगळं ऑनलाइन करू नका. आधी इतर यंत्रणांवरून त्या व्हॉल्यूमवर मधल्या काळात काय लिहिलं गेलं, ते शोधा. पी१ ला वाटत होती ती पकड सुटलेली असू शकते. मग ‘कॉन्फिग सीएचपी(४०),ऑनलाइन’, एका डिव्हाइसवर ‘व्ही पाथ(८०१०,४०),ऑनलाइन’, ‘डी एम=डीईव्ही’, आणि ‘व्ही ८०१०,ऑनलाइन’. लेबल वाचून व्हॉलसर (व्हॉल्यूमचं नाव) जुळतो का बघा. जुळला की बाकीची डिव्हाइस, मग बाकीच्या वाटा. व्हीएसएएम फाइल उघड्या होत्या त्यांना व्हेरिफाय, डेटाबेसच्या पेज सेटना त्यांची स्वतःची सुधारणा, आणि तो व्हॉल्यूम कॅटलॉगचा असेल तर कॅटलॉग तपासल्याशिवाय बॅच सोडायची नाही.

‘व्ही ८०१०,ऑनलाइन,अनकंड’ हे वाट नसतानाही डिव्हाइस ऑनलाइन दाखवतं. घाईत ते दिलं की समोर हिरवं दिसतं आणि पहिला आयओ पडतो.

फायबर_ठाणे (संध्याकाळी ५:२०)
दुरुस्तीच्या बाजूने शेवटचं. केबल काढण्याआधी तो चिपिड वापरणाऱ्या प्रत्येक एलपारवर कॉन्फिग ऑफलाइन झालेला हवा. सामायिक चिपिड एकावर ऑफलाइन केला तरी बाकीच्यांवर चालूच असतो. एचएमसीवरून थेट ऑफ करू नका. झेड/ओएसला न सांगता वाट गेली की ते चूक म्हणूनच घेतं आणि पुन्हा तुमचं ०५० सुरू.

परत जोडल्यावर लगेच भार टाकू नका. १५ मिनिटं लिंक चालू ठेवून डायरेक्टर पोर्टवरचे सीआरसी (बिघडलेल्या फ्रेम) आणि सिंकचे मोजक शून्यावरून हलतात का बघा. आधी मोजक साफ करायला विसरलात तर जुने आकडे बघत बसाल. लॉगरेकवरून (चुकांच्या नोंदवहीवरून) ईआरईपी (तिचा अहवाल काढणारा प्रोग्रॅम) चालवून एसएलएच (चॅनेलच्या चुका) आणि एमआयएचच्या नोंदी त्या पीचिडसाठी गाळून घ्या, म्हणजे पहिली चूक नेमकी किती वाजता होती ते कळतं. कन्सोलवरचा पहिला संदेश हा बऱ्याचदा पहिली चूक नसतो.

आणि दुरुस्तीची खिडकी (ठरलेली वेळ) रविवारी पहाटेची घेतलीत तर इंजिनिअर आणि सुटे ट्रान्सीव्हर शनिवारी रात्रीच साइटवर हवेत. काम लांबलं आणि दुसरा सुटा भाग मागवावा लागला, तर तोवर मेगाब्लॉक लागलेला असतो. दोन्ही तरंगलांबीचे ट्रान्सीव्हर आणि लागतील त्या लांबींच्या पॅच कॉर्ड पेटीत आहेत का, ते शनिवारी दुपारीच मोजा.

तिसरी_पाळी (संध्याकाळी ६:०२)
कन्सोलजवळचा कागद लिहायला घेतोय. वरती चिपिड-पीचिडचा तक्ता प्रत्येक सीपीसीसाठी वेगळा, त्याखाली कंट्रोल युनिटनिहाय सामायिक यंत्रणांची यादी टी१ सकट, मग ०६२ चा क्रम आणि आमचा इंटरव्हल सेकंदांत. मसुदा उद्या इथेच टाकतो, ऐरोलीकर दादा आणि मावशी, एकदा डोळ्यांखालून घाला.

ऐरोलीकर (संध्याकाळी ६:१५)
टाका. तक्त्यात डायरेक्टरचा पोर्ट आणि लिंक ॲड्रेसही घ्या, दोन बाइटचा पूर्ण. कॅस्केड (एकामागे एक दोन स्विच) असेल तर पहिला बाइट कोणत्या स्विचचा आहे, ते रात्री दोन वाजता कुणालाच आठवत नाही.